बोटभर लांब पाय

आकाशवाणीने मला बोलावलं ते कवी म्हणून, पण आजचा विषय मी मागून घेतला आहे. गेल्या सात वर्षांत कवितेसाठी माझ्याकडे जेवढी माणसं आली नाहीत, तेवढी माझ्या खुब्यासाठी आली. कुणाच्या आईचा खुबा बदलायचा असतो, तर कुणाचा बदलून झालेला असतो आणि आता दोन्ही पाय सारखे वाटत नसतात. मी डॉक्टर नाही, साधा बी.ए. आहे. पण डॉक्टरांच्या घाईत जे सांगायचं राहून जातं ते मला माझ्या पायाने शिकवलं, आणि ते समजावून सांगणारी माणसंही सुदैवाने चांगली भेटली.

वाळूजला बजाजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले. त्यातल्याच एकात मी स्टोअर सांभाळतो. दिवसभर रॅकपासून खिडकीपर्यंत फेऱ्या. 2014 च्या सुमारास डाव्या जांघेत कळ यायला लागली. अम्मीने तिळाचं तेल गरम करून दिलं, ते चोळण्यात वर्ष गेलं. मग एमआरआय झाला आणि कळलं, की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा रक्तावाचून सुकत चालला आहे. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. दारू, स्टिरॉइडची औषधं, जुना मार ही त्याची नेहमीची कारणं. पुष्कळांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. मी दारू पीत नाही, हे मी डॉक्टरांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी, ‘कवी आहात ना?’ असं विचारून माझ्याकडे पाहिलं.

खुबा हा उखळीचा सांधा, हे आपण शाळेत शिकलेले असतो. कमरेच्या हाडात एक वाटी आणि त्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. रक्त बंद झालं की तो गोळा खचतो, चपटा होतो आणि पाय आखूड पडतो. माझाही पडला. चार वर्षं मी डावीकडे झुकत चाललो. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

2018 च्या मे महिन्यात खुबा बदलला. (वाजपेयींच्या गुडघ्यांवर 2000 आणि 2001 मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हापासून गुडघा बदलणं घराघरांत माहीत झालं. खुब्याला तसा कुणी पंतप्रधान मिळाला नाही, म्हणून आजही लोक विचारतात, ‘खुबासुद्धा बदलता येतो?’) दुसऱ्या दिवशी मला वॉकर धरून उभं केलं. जांघेतली जुनी कळ गेली होती, अगदी पुसून टाकल्यासारखी. पण जमीन तिरकी झाली होती. डावा पाय जमिनीला आधी टेकायचा आणि उजवा जणू खड्ड्यात पडायचा. मी म्हणालो, ‘डॉक्टरसाहेब, पाय बोटभर लांब झाला.’ ते म्हणाले, ‘लांबी बरोबर आहे, सवय होईल.’ आणि पुढच्या खाटेकडे गेले.

‘सवय होईल’ हे दोन शब्द मी त्यानंतर तीन महिने चावत होतो. घरी फरशीवर माझी पावलं दोन आवाजांत पडायची. शेजारी म्हणाले, ‘आधी आखूड होता, आता लांब झाला. मधे कुठे तरी थांबवायचा ना!’ सगळे हसले, मीही हसलो, आणि रात्री झोप आली नाही. डाव्या कुशीवर वळलं की खुब्याच्या बाहेरच्या अंगाला आग व्हायची आणि सकाळी कंबर धरलेली असायची. एका नातेवाइकाने वकिलाचं नाव काढलं. दुसऱ्याने सांगितलं, पुन्हा उघडून पाय आखूड करून घ्या. मी कागदपत्रांची फाइल तयार केली. खरं सांगायचं तर त्या फाइलवर मी कवितेच्या वहीपेक्षा जास्त मेहनत घेतली.

त्या फाइलसकट मला एका मित्राने शहरातल्या एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, ‘काका, फाइल बाजूला ठेवा आणि टेबलावर सरळ झोपा.’ तिने टेप काढला आणि दोन मापं घेतली. पहिलं कमरेच्या पुढच्या बाजूला जे हाडाचं टोक हाताला लागतं तिथपासून पायाच्या आतल्या घोट्यापर्यंत. दुसरं बेंबीपासून त्याच घोट्यापर्यंत. पहिल्या मापात दोन पायांत साधारण एक सेंटिमीटरचा फरक आला. दुसऱ्यात अडीच सेंटिमीटरचा. मला वाटलं, पोरीची काही तरी चूक झाली. ती म्हणाली, ‘दोन्ही बरोबर आहेत. पहिलं तुमच्या हाडांचं माप आहे आणि दुसरं तुमच्या कमरेचं.’

गोष्ट अशी आहे. बेंबी मधोमध असते. कंबर सरळ असेल तर बेंबीपासूनची दोन्ही मापं हाडांच्या मापांशी जुळतात. पण कावड घेतलेल्या माणसाचा एक खांदा खाली गेला की त्या बाजूचं भांडं जमिनीकडे येतं. दोरी लांब झालेली नसते, काठी कललेली असते. माझी कंबर डावीकडे कलली होती. चार वर्षं आखूड पायावर झुकून चालताना खुब्याच्या भोवतीचे काही स्नायू आखडून बसले होते. नव्या सांध्याने पाय पूर्वीच्या लांबीला आणला आणि आखडलेले स्नायू ताणले गेले. ते कंबरेला त्या बाजूने खाली ओढत राहिले. पाठीचा कणाही चार वर्षांत तसाच वळण घेऊन बसलेला. आणि मेंदूचं काय? त्याने आखूड पाय हाच ‘बरोबर’ म्हणून पाठ केला होता. अशा माणसाचे पाय मिलिमीटरपर्यंत तंतोतंत जुळवून दिले, तरी नवा पाय लांबच वाटणार.

तिने एक्स-रे काढायला सांगितला, कारण टेपला सेंटिमीटरभर इकडेतिकडे चुकायची सवय असते. एक्स-रेवर कमरेच्या हाडांच्या दोन सारख्या खुणांवरून आडवी रेघ मारतात आणि तिथून दोन्ही मांड्यांच्या हाडांवरच्या एकेका उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजतात. फरक निघाला अकरा मिलिमीटर. म्हणजे मला जे अडीच सेंटिमीटर वाटत होते त्यात निम्म्याहून कमी हाडाचे आणि बाकीचे कमरेच्या तिरकेपणाचे. हाडाचा फरक व्यायामाने जात नाही. तिरकेपणा जाऊ शकतो, पण त्याला महिने लागतात.

त्या दिवशी माझा राग निम्म्याहून जास्त उतरला, हे कबूल करतो. पूर्ण उतरला नाही. अकरा मिलिमीटर खरे होते. पण ते का झाले हेही तिनेच सांगितलं, आणि मला ते घरातल्या बाजेवरून समजलं.

बाज सैल पडली की आपण दोर ओढून ताणतो. नव्या खुब्याचंही तसंच आहे. वाटीत बसवलेला गोळा कुठल्याही खिळ्याने धरलेला नसतो. त्याला भोवतीचे स्नायू आणि पडदे ताणून जागेवर ठेवतात. ताण कमी पडला तर गोळा वाटीतून निसटतो. ते फार वेदनादायक असतं आणि पुन्हा दवाखाना गाठावा लागतो. म्हणून सर्जन शस्त्रक्रिया चालू असतानाच वेगवेगळ्या मापांचे गोळे बसवून पाहतात, पाय फिरवून पाहतात, आणि घट्ट बसेल ते माप ठेवतात. कधी कधी घट्टपणासाठी थोडी लांबी जास्त द्यावी लागते. रोगी कुशीवर झोपलेला, कापडांनी झाकलेला; उभा केल्यावर त्याची कंबर कशी बसेल हे त्या टेबलावर कुणालाच दिसत नाही. आता संगणकाच्या आणि रोबोटच्या मदतीने माप जास्त अचूक घेतात, तरी घट्टपणा की लांबी हा सवाल राहतोच. सेंटिमीटरभराचा फरक बहुतेकांना काही दिवसांनी जाणवेनासा होतो. दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला की चाल बिघडते, कंबर कुरकुरते. तसे निसर्गानेही आपले दोन पाय तंतोतंत कुठे दिले आहेत?

माझी तक्रार एवढीच, की हे आधी सांगायला हवं होतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कुणी पाच मिनिटं माझ्या खाटेवर बसून म्हणालं असतं, ‘पाय थोडा लांब वाटेल, काही खरा असेल, काही भास असेल, सहा महिने थांबा,’ तर माझे तीन महिने वाचले असते.

याबाबत एक माणूस मला फार आवडतो. आज जगभर जो खुबा बसवतात त्याचा पाया घालणारे इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली. त्याआधी फ्रान्समधून आलेले एक प्रकारचे कृत्रिम गोळे बसवत असत. तसा गोळा बसवलेला एक रोगी चार्नलींकडे आला. त्याची तक्रार दुखण्याची नव्हती, सांधा करकरतो अशी होती. तो आवाज ऐकून बायको जवळ थांबत नाही म्हणे! दुसऱ्या कुणी ‘सवय होईल’ म्हटलं असतं. चार्नली विचार करत बसले, की करकर म्हणजे घर्षण, आणि घर्षण कमी करायला हवं. म्हणून त्यांनी लहान धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी अशी जोडी केली. आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांत झिजली आणि त्या रोग्यांवर त्यांना पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. मग 1962 मध्ये पॉलिथिनची वाटी आली आणि ती टिकली. झिजलेल्या कणांनी शरीराला काय होतं ते पाहायला त्यांनी ते पदार्थ स्वतःच्या मांडीत टोचून घेतले होते. करकरीची तक्रार कुणी तरी नीट ऐकून घेतली, म्हणून आज मी चालतो आहे.

आता दुखण्याविषयी. नवा सांधा बसवल्यावर दुखतं तेव्हा लोक म्हणतात, ‘खुबा दुखतो.’ पण खुब्यात दुखण्याच्या जागा निराळ्या आणि कारणंही निराळी. खुर्चीतून उठताना, जिना चढताना पाय उचलला की जांघेत कळ येत असेल, तर पुढचा स्नायू वाटीच्या कडेला घासत असू शकतो. मांडीच्या मध्यावर दुखत असेल, तर हाडात ठोकलेल्या दांडीशी संबंध असू शकतो. माझं दुखणं बाहेरच्या अंगाचं. तिथे हाडाच्या उंचवट्यावर एक लहानशी पिशवी असते, तिच्यावर ताणलेली शीर घासून ती सुजते. आणि कंबर दुखत होती ती तिरकेपणाने. ही दोन्ही दुखणी व्यायामाने आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घेऊन झोपल्याने उतरत गेली. पूर्ण गेली नाहीत. पावसाळ्यात आणि लांबच्या एसटी प्रवासानंतर ती भेटायला येतातच.

काही दुखण्यांना मात्र व्यायाम नाही, थेट सर्जनच. ताप येणं, जखमेतून पाणी येणं, बसल्या-झोपल्या रात्रीही ठसठसणं, चांगलं चालत असताना महिन्या-वर्षांनी दुखणं वाढत जाणं, एकदम पाय वळून आखूड होणं, पंजा उचलता न येणं. अशा वेळी तेल चोळत बसू नये. मी एकदा चोळून पाहिलं आहे, त्यात वर्ष जातं.

पाय आखूड करण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी का, हे मी तिला विचारलं आणि नंतर एका दुसऱ्या सर्जनलाही विचारलं. दोघांचं उत्तर एक. आखूड करायचं म्हणजे ताण सैल करायचा, म्हणजे गोळा निसटायची भीती. शिवाय दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड. फरक मोठा असेल, मज्जातंतू ताणला गेला असेल, सांधा चुकीच्या कोनात बसला असेल, तर गोष्ट वेगळी. अकरा मिलिमीटरसाठी नाही. फाइल मी कपाटात ठेवली.

राहिली चप्पल. उंच तळाची चप्पल लगेच करून घ्यावी असं मला वाटत होतं. ती म्हणाली, सहा महिने नाही. कंबर कललेली असताना तुम्ही अडीच सेंटिमीटर उंची भरली तर कंबरेला सरळ व्हायचं कारणच उरणार नाही. आज कललेली आहे ती कायमची तशी बसेल. ती मला उभं करून उजव्या पायाखाली एकेक पातळ फळी सरकवायची आणि विचारायची, ‘आता?’ पहिल्यांदा मी वीस मिलिमीटरवर म्हणालो, ‘आता सरळ.’ घरी हा प्रयोग करायला मी जुने दिवाळी अंक काढले, तर बायकोने ते हातातून ओढून घेतले. ‘अक्षरांवर पाय देता? आणि म्हणे कवी!’ मग कंपनीतल्या पॅकिंगच्या खोक्याचे प्लायवुडचे तुकडे आणले. तीन महिन्यांनी मी बारावर ‘सरळ’ म्हणालो आणि सहा महिन्यांनी सहावर. पाय तेवढाच होता. कंबर वर आली होती. हाडाचा फरक अकराचा असला तरी पूर्ण अकरा भरायचे नसतात. जेवढ्यात शरीराला बरं वाटतं तेवढेच भरायचे.

बजाजनगरच्या रस्त्यावर एक चांभारदादा बसतात, त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, उजव्या चपलेला सहा मिलिमीटर रबर चढवा. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. ‘चाचा, ऑपरेशन कुठल्या पायाचं?’

‘डाव्या.’

‘मग टाच डावीला लावायची ना?’

मी म्हणालो, ‘डावा लांब झालाय दादा, उजव्याला वर आणायचंय.’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे ज्याचं काही चुकलं नाही त्यालाच ओझं.’ मी त्यांना सांगितलं की ही ओळ मी कवितेत वापरणार. अजून वापरलेली नाही.

चपलेची खरी अडचण मला कुणी सांगितली नव्हती, आणि ती इंग्लंडच्या पुस्तकात नसणारच. तिथे माणूस सकाळी बूट चढवतो तो रात्री काढतो. आपल्याकडे उंबऱ्यावर चप्पल निघते. घरात, मशिदीत, देवळात, शेजाऱ्याच्या ओटीवर, मयतीच्या घरी. जे सहा मिलिमीटर चांभारदादांनी दिले ते दाराबाहेर राहतात आणि मी आत पुन्हा तिरका. म्हणून घरासाठी वेगळी, आतच वापरायची रबरी चप्पल केली, तिलाही तसाच तळ. अम्मीला घरात चप्पल पटत नव्हती. तिला पटवायला सांधा बसवण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

नमाजची गोष्ट तशीच. जमिनीवर बसणं, उकिडवं होणं, मांडी घालणं मला मना आहे. उभं राहता येत नसेल त्याने बसून, बसता येत नसेल त्याने कुशीवर पडून नमाज पढावी, ही सवलत आमच्याकडे मुळातच आहे. त्यामुळे सफेच्या टोकाला माझी खुर्ची असते आणि उभं राहायच्या वेळी मी उजव्या पावलाखाली रुमालाची घडी ठेवतो. सुरुवातीला पोरं तिकडे टक लावून पाहायची. आता माझ्या आधी घडी करून ठेवतात. आमच्या वाळूजजवळच्या पंढरपूरला आषाढीला यात्रा भरते. कंपनीतले माझे एक सहकारी, त्यांचाही खुबा बदललेला, रांगेत अनवाणी उभे राहतात. मी त्यांनाही रुमालाची युक्ती सांगितली. ते उपरण्याची घडी वापरतात.

कविसंमेलनात मात्र अजून अवघडल्यासारखं होतं. सगळे गादीवर लोडाला टेकून, आणि मी एकटा खुर्चीवर, अध्यक्षांपेक्षाही उंच. नवीन ठिकाणी लोकांना वाटतं, हा स्वतःला कोण समजतो? मग मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, की ओवी साडेतीन चरणांची असते आणि तिचा शेवटचा चरण आखूड असूनही ती शेकडो वर्षं चालते आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ तिच्यातच लिहिला. लोक हसतात आणि खुर्चीचं विसरतात.

एक राहिलं, काठी. दुखतो त्याच बाजूच्या हातात लोक काठी धरतात. उलट असतं. एका पायावर उभं राहताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, कारण कंबर पडू नये म्हणून बाजूचे स्नायू तिला जोराने ओढून धरतात. विरुद्ध हातातली काठी कंबरेला पलीकडून आधार देते, स्नायूंना कमी ओढावं लागतं आणि सांध्यावरचा भार उतरतो. दुखऱ्या बाजूच्या काठीने हे साधत नाही, माणूस फक्त जास्त झुकतो.

गेल्या आठवड्यात रांजणगावचा एक तरुण कामगार आला. शस्त्रक्रियेला पाच आठवडे झालेले, डावा खुबा, हातात नव्या चपलांचा जोड. म्हणाला, ‘चाचा, तुमचा चांभार कुठे बसतो? एक इंच वाढवायचंय, पाय लांब केलाय डॉक्टरने.’ मी त्याला चहा दिला आणि बेंबीच्या मापाची गोष्ट सांगितली. चपला तशाच ठेव म्हणालो आणि त्या फिजिओथेरपिस्टचा पत्ता लिहून दिला. ‘किती दिवस थांबायचं?’ त्याने विचारलं. मी म्हणालो, ‘सहा महिने.’ त्याचा चेहरा तसाच झाला, जसा माझा झाला असेल. तो फाटकापर्यंत गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी मागून हाक मारली, ‘अरे, काठी उजव्या हातात!’